मंगळवासीयाची पाळी

मोहाडी, शनिवार, जुलै १९७८

संपादकांनी कथा परत पाठवली. मंगळाचं यान राहू द्या म्हणे, पण तलावाच्या पाणीवाटपाचा तंटा गाळा, तो पटत नाही. म्हणजे यान पटलं! पाठशाळेत न्यायशास्त्र शिकलो, असला तर्क तिथेही नव्हता.

संध्याकाळी शेजारच्या सखारामभाऊंना वाचून दाखवली. यान तलावात उतरलं, तरी ते निवांत तंबाखू मळत राहिले. मंगळवासीयाला पहिलं पाणी मिळालं, तेव्हा हात थांबला.

"गुरुजी, धानाच्या रोवणीच्या दिवसात त्याले पहिलं पाणी काहून?"

"पाहुणा आहे हो."

"पाहुण्याले चहा पाजा. पाणी पाळीनंच भेटते."

चूक माझीच. बातमी असती तर तंटा गाळलाही असता. कथेतून गाळणार नाही, तिला खरं वाटावं लागतं. उद्या शेवट बदलतो. मंगळवासीय पाळी येईपर्यंत बांधावर बसेल. पुन्हा परत आली तर? तंटा दोन पानं वाढवून पाठवीन.