रोसाचे नारळ

मालवण,
६ मे २०२५

प्रिय इनास,

तुला, सेलिनला आणि मुलांना आशीर्वाद. आपण दोघे एका बापाचे मुलगे, आणि बापाविरुद्ध आपली तक्रारही एकच: त्याने आपल्याला पोहायला शिकवले, माडावर चढायला शिकवले, पण चूक झाल्यावर ती कबूल कशी करायची हे शिकवले नाही. तू गप्प राहायला शिकलास, मी बोलत सुटायला. कबुली दोघांच्याही तोंडून आली नाही.

इथे सगळे ठीक. गुडघा कुरकुरतो, आवाज अजून खणखणीत आहे. फ्लेवियाच्या लग्नाची पत्रिका तळेऱ्याला पोहोचली असेल. तुझे उत्तर नाही. ती रोज विचारते, "पप्पा, काका येतलो मां?" मी सांगतो, खाणावळ टाकून येणे सोपे नसते. हे खोटे आहे, आणि ते तिलाही कळते.

आधी शनिवारची गंमत ऐक. शिरोड्याला आपल्या सांतानच्या मुलीचा रोस होता, लग्नाआधीचे नारळाच्या दुधाचे न्हाण. मी नेहमीप्रमाणे मांडवातली शेवटची खुर्ची धरली. लूकच्या चौदाव्या अध्यायात येशू सांगतो ना, मेजवानीला गेलास तर खालच्या जागी बस, यजमान येऊन तुला वर बोलावील. हे वचन मी किती व्यासपीठांवर गाजवले! पाळलेही, माझ्या पद्धतीने. मागे बसायचे आणि वाट बघायची. यजमान धावत येतो, "मास्तर, पुढे चला," सगळ्या माना वळतात, आणि मी नको नको म्हणत मांडवाच्या मधून चालत जातो. ते चालणे मला भाषणाहून गोड लागायचे. येशूने नम्रता सांगितली; मी त्यातून पुढे जाण्याची युक्ती काढली.

शनिवारी कोणी आलेच नाही. सांतान माइकवाल्याशी भांडत होता, आणि पुढच्या सोफ्यावर नवे फादर बसले होते. अर्धा तास मी नम्रपणे धुमसत होतो. माझ्या मागेच नारळ खवण्याचे काम चालले होते. तिथून सांतानची शेजारीण काशीबाई ओरडली, "ओ मास्तरानू, कोणाची वाट बघतास?"

"कोणाची नाय."

"मगे ह्यो आडाळो घेवा. बारा नारळ रवलेत. पोरग्येच्या डोक्यार काय पाणी वतूचा?"

"माका जमणा नाय गो."

"तोंडान खवणूचे नाय, हातान खवा!"

बायका खो खो हसल्या. बसलो आडाळ्यावर. पहिल्या नारळात करवंटीचे काळे उतरले. काशीबाईने ते बाजूला काढले. "हलक्या हातान. आमका इनासान शिकवल्यान ह्या. आठ वर्सा त्येच्या हाताखाली रांधलंय. वळाखतास त्येका?"

"माझो भाव तो."

तिने मला खालपासून वरपर्यंत बघितले. "भाव? आणि तुमका खवणूक येणा नाय?"

इनास, पुढचा नारळ घेतला. मी खवत राहिलो. नारळ पिळून रोस काढला, बादली मीच उचलून नेली. मुलीने डोळे मिटले, केसांवरून पांढरा रोस ओघळला, बायकांनी गाणे धरले. तो कोणी काढला हे मांडवात कोणी विचारले नाही. आम्हा मागच्या चौघांना ठाऊक होते. मला एकदम काना गावचे लग्न आठवले. येशूने पाण्याचा द्राक्षारस केला, कारभाऱ्याला तो कुठून आला ते कळेना. पण पाणी भरणाऱ्या चाकरांना माहीत होते, असे योहान मुद्दाम नोंदवतो. चाळीस वर्षे मी त्या लग्नावर बोललो, त्या चाकरांवर एक शब्द नाही! मी ओल्या शर्टाने, मोठ्याने हसलो. इतका आनंद मला टाळ्यांनी कधी दिला नाही.

आता जे टाळतो आहे ते लिहितो. आईच्या पंचाहत्तरीला मी दोनशे माणसांसमोर म्हणालो, आईचे दोन मुलगे, एकाने लेखणी धरली, एकाने झारा. एकाचे लोक ऐकतात, दुसऱ्याचे नुसते खातात. लोक हसले. मी थांबून त्यांना पोटभर हसू दिले. तू दारात कोंबडीच्या शाकुतीचे पातेले घेऊन उभा होतास. ते खाली ठेवलेस आणि गेलास. सहा वर्षे मी सांगत आलो, इनासला थट्टा कळत नाही. ती थट्टा नव्हती. त्या दिवशी लोक तुझ्या शाकुतीबद्दल बोलत होते आणि माझे भाषण अजून व्हायचे होते. मला ते सोसले नाही. एवढेच खरे.

चूक माझी. दोनशे जणांपुढे केली, तेवढ्यांपुढेच, फ्लेवियाच्या मांडवात, कबूल करीन. एकच वाक्य बोलेन. दुसरे सुरू केले तर माइक काढून घे.

शनिवारी, १७ तारखेला, दुपारी चारला फ्लेवियाचा रोस आहे. आपल्या घरात पहिला हात बापाचा असतो. तो मी सोडला आहे. तिला सांगितले तर रडता रडता म्हणाली, "ह्या आधी सुचला नाय तुमका?"

उत्तर लिहीत बसू नकोस. त्या दिवशी खाणावळीला कुलूप लाव, घरच्यांना घेऊन ये, आणि माझ्या लेकीच्या डोक्यावर पहिला रोस तू घाल.

तुझा अपराधी आणि फार आनंदात असलेला भाऊ,
पास्कू