फ्रेममधले एकशे बेचाळीस

२४ मार्च
परळच्या हॉस्पिटलमधून फोन. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांनी आम्हा शुगरवाल्या मुलांचा बुद्ध्यांक तपासला होता. आता त्याच मुलांना पुन्हा तपासणार. लहानपणापासून आजार सोबत असला की बुद्धीचं काय होतं, हे त्यांना बघायचंय. माझ्या बुद्धीचं काय झालं ते मला ठाऊक आहे. नवव्या वर्षी १४२ होता. ती चिठ्ठी आईने फ्रेम करून बाबासाहेबांच्या फोटोखाली लावली आहे.

२५ मार्च
संकल्प: रोज एक कोडं, रोज चालणं, इन्सुलिन वेळेवर. प्रिती म्हणाली, हे लग्नापासून ऐकतेय. १४२वाल्याशी संसार करणं बायकोला जडच जाणार.
एमपीएससी चारदा हुकली ती पेपर फार सोपे असल्यामुळे. कोर्टाबाहेर टायपिंग करतो ते तात्पुरतं. अकरा वर्षं झाली.

२९ मार्च
चालणं उद्यापासून. ऊन आहे. कोडं अर्धं सुटलं. उरलेलं चुकीचं छापलंय.

२ एप्रिल
जयंती कमिटीच्या मयूरला टेस्टचं सहज बोललो. तो म्हणाला, चौदा तारखेला तुझा गुणगौरव करूच, फ्लेक्स आत्ताच टाकतो, नंतर प्रेसवाला ऐकत नाही. आकडा विचारला. वय आणि अनुभव धरून १५० सांगितला. जास्तही सांगता आला असता.

६ एप्रिल, सकाळी ९
आज टेस्ट. मेंदू साखरेवर चालतो, म्हणून चार पेढे.

दुपारी १
शुगर ३१२. टेस्ट परवावर ढकलली. टेस्ट घेणाऱ्या डॉक्टर नूपुर मॅडम रागावल्या. डॉक्टर लोकांना मेंदूतलं फारसं कळत नाही.

८ एप्रिल
दिली. पेढ्यांशिवाय. आकडे उलटे म्हणायला लावतात. पाचव्यालाच थांबलो. आपणहून.

११ एप्रिल
१०१.
मॅडम खूश. म्हणाल्या, लहानपणी ९४ होता, तेव्हा निम्मी शाळा बुडायची. इतक्या वर्षांच्या आजारात सात अंक वाढले, यादीत असे फार थोडे आहेत. मी १४२ चं विचारलं. त्यांनी जुनी फाइल काढली. १४२ ही टेस्टआधी सिस्टरने बोट टोचून पाहिलेली शुगर.
घरी आलो तर आई लसूण सोलत बसलेली. म्हणाली, मला तेव्हापासून माहीत आहे. हॉस्पिटलातून येताना तू विचारत होतास, मी बिघडलो का म्हणून. दाखवायला माझ्याकडे तेवढीच चिठ्ठी होती.
फार वाईट वाटलं. माझ्यापेक्षा तिच्यासाठी जास्त. थोडा लसूण मीही सोलला.

१४ एप्रिल
गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स लागला. प्रेसवाल्याला 'बुद्ध्यांक' हा शब्द काही जमला नाही, म्हणून माझा फोटो, खाली 'भोईवाड्याचा अभिमान' आणि नुसतं १५०. मयूरला खरं काय ते सांगायला निघालो होतो. निघण्याआधी शुगर बघितली. उपाशीपोटी १५०. सहा महिन्यांत पहिल्यांदाच इतकी खाली.
म्हणजे फ्लेक्सवर खोटं काहीच नाही. हार घालून घेतला. पेढा प्रितीने हातातून काढून घेतला.