ठकीचे निळे आसन

सोमवार, ३ मार्च

ज्याच्या कृपेने श्वास येतो आणि जातो, ज्याने या देहाच्या नऊ द्वारांवर पहारेकरी नेमले, त्याला प्रथम वंदन. आता विषय — नातीची शू.

विषय गंभीर आहे. पाळणाघरातल्या तान्ह्यांच्या खोलीतली ठकीची जागा महिन्याच्या मध्याला दुसऱ्या बाळाला जायची आहे, आणि मोठ्यांच्या खोलीत डायपर चालत नाही. जागा गेली तर सूनबाईला घरी बसावे लागेल. ती शहराची बस चालवते. परीक्षेत दोनदा नापास होऊन, तिसऱ्यांदा मिळवलेले ते चाक! मुलगा रुग्णालयात एक्स-रे काढतो. मी पंधरवड्यापुरता आलेला. गावी अंथरुणाला खिळलेल्या थोरल्या बहिणीला माझ्यावाचून कोणी नाही.

"बाबा, आठवडाभर ठकी तुमच्या स्वाधीन," मुलगा म्हणाला. "एवढे ग्रंथ वाचलेत, एक पॉटी काय!"

निळ्या प्लास्टिकचे ते आसन न्हाणीघराच्या कोपऱ्यात मांडले.

मंगळवार, ४ मार्च

दिवसभर फरशी पुसली. पोथी उघडली नाही.

गुरुवार, ६ मार्च

आज! ठकी बसे, लगेच उठे, पुन्हा बसे. मी शेजारी स्टुलावर, गुडघे कुरकुरत. काय करावे ते सुचेना, म्हणून नित्याचे स्तोत्र संथपणे म्हणू लागलो. ती माझ्या ओठांकडे पाहत राहिली. खांदे सैल झाले. आणि तिसऱ्या चरणाला — धार!

दोघेही थक्क. उठून तिने वाकून पाहिले.

"आजोबा, हे मी केलं?"

"हो गं बाई, तूच!"

संयमावर आयुष्यभर वाचत आलो. संयमाचा जन्म मात्र आज प्रथम डोळ्यांनी पाहिला. कालपर्यंत जे शरीर नुसते वाहत होते, त्यात आज कोणीतरी जागे झाले. म्हणाले — थांब. मग म्हणाले — आता. कोण ते? कुठून आले? भाष्यकारांनी या प्रश्नावर पानेच्या पाने खर्ची घातली आहेत. इथे उत्तर निळ्या भांड्यात, कोमट!

शनिवार, ८ मार्च

चड्डी दिवसभर कोरडी. मी स्तोत्र म्हणतो, ती मोकळी होते. सूनबाई गणवेशही न उतरवता न्हाणीघराच्या दारात उभी राहून पाहत होती.

"हिची चैन आहे, बाबा. मनात आलं की बसायचं! मला शेवटच्या थांब्यापर्यंत धरून ठेवावं लागतं. मागे बसभर माणसं."

हसतच म्हणाली. मी मात्र तिथेच अडकलो. केवढे हे तप, आणि त्याला तप म्हणणारे कोणी नाही!

रविवार, ९ मार्च

सकाळी देवापुढे बसून स्तोत्र आरंभिले. ठकी शेजारी हात जोडून उभी. तिसरा चरण — आणि गालिचा ओला!

मुलगा हसून हसून भिंतीला टेकला. "बाबा, तुम्ही नळ बसवलात, नळ! चावी तुमच्या तोंडात!"

मीही हसलो. मग हसू विरले. उद्यापासून पाळणाघर. तिथे चावी कोण फिरवणार?

मंगळवार, ११ मार्च

तेच झाले. काल आणि आज ठकीने दिवसभर धरून ठेवले. आसनावर बसते, पाळणाघराच्या ताईंच्या तोंडाकडे पाहते, वाट पाहते, उठते. पोट दगडासारखे. घरी येताच माझे बोट धरून न्हाणीघरात — "म्हण!"

मुलाने माझा आवाज फोनवर उतरवून दिला होता. ठकीने फोन उलटा करून मागे आजोबा आहेत का ते पाहिले, आणि परत दिला.

ताई स्पष्ट बोलल्या, "आजोबा, लेकराने असं धरून ठेवणं बरं नव्हे. शुक्रवारपर्यंत बघते. पुढे मला नाही म्हणावं लागेल."

बुधवार, १२ मार्च

आज मौन धरले. शब्दावाचून होते का, पाहू म्हटले.

"म्हण ना!"

मी गप्प. तिने दोन्ही हातांनी माझे ओठ उघडून आत पाहिले — शब्द कुठे गेले? मग उठली, आणि दारापर्यंत पोचण्याआधीच सगळे सांडले. ओल्या पायांनी उभी राहून रडली. मलाही आवरले नाही. कृपा म्हणून जो शब्द दिला, त्याचेच कुलूप झाले!

सूनबाईने फरशी पुसली. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "राहू दे, बाबा. तुम्ही खूप केलंत. सोमवारी डेपोत सांगून टाकते."

परमेश्वरापाशी मोक्ष मागत आलो. आज शू मागितली. इतक्या कळकळीने मोक्षही कधी मागितला नव्हता.

गुरुवार, १३ मार्च

ठकीचे पोट आजही घट्ट. सूनबाई गणवेशाला इस्त्री करीत होती, उगीचच, पुन्हा पुन्हा.

शुक्रवार, १४ मार्च

दुपारी ताईंचा फोन. मन घट्ट करून उचलला.

आज एक नवी मुलगी आली होती. आसनावर बसवली की किंचाळे. ठकी आपण होऊन उठली, तिच्यापुढे उकिडवी बसली, तिचे गाल हातांत धरले — आणि माझे स्तोत्र म्हणाली. आरंभापासून. शब्द निम्मे मोडके, चाल बिनचूक. ती पोर मोकळी झाली. मग आमची ठकी शेजारच्या आसनावर बसली, आणि तीही!

"आजोबा, आता सगळी वानरसेना अडून बसलीय — आधी ते म्हणा! शब्द सांगा ना, मी लिहून घेते."

उभ्या उभ्या एकेक चरण सांगितला. सोमवारी सूनबाई बस काढील.

ज्याची दृष्टी या पानावर पडेल, त्याचे जे जे अडून राहिले असेल, ते मोकळे होवो.