तिखट म्हणजे धारदार

३ डिसेंबर, ऊर्जानगर
हे आज पुन्हा अर्ध्या ताटावरून उठले. "वरण तिखट लागून राह्यलं." वरणात मिरची नाही, तिखटाचा डबा फळीवरून उतरलासुद्धा नव्हता. आरमोरीचा हाच माणूस, ठेचा नसेल तर घास उतरायचा नाही. म्हटलं, "माह्या हातचं आवडत नाई, तं सरळ सांगा ना." हे हात धुवायला गेले. मला राग आला. अजून आहे.

५ डिसें.
सातवीला शब्द कुठून आले ते शिकवलं. तीक्ष्णवरून तिखट. म्हणजे मुळात चव नव्हेच, धार. मिरची आपल्याकडे यायच्या आधीचा शब्द. 'तिखट कान' फळ्यावर लिहिलं, तर मागून खसखस. बाईंचे कान तिखट, हे शाळेत सगळ्यांना माहीत. एकीनं विचारलं, "बाई, मंग विळा बी तिखट काय?" हो, जुन्या कोशात तसंच आहे. खुशीत घरी आले. शब्दांच्या बाबतीत थोडा माज आहेच मला.

८ डिसें., रविवार
दूधभात केला. पहिल्याच घासाला यांच्या डोळ्यांत पाणी. "दूधभात बी तिखट?" मी हसले. हे नाही हसले. "मिरचीवानी नाई व. आतून ब्लेड फिरवल्यावानी."
विळा आठवला.
"तोंड उघडा." दोन बोटं जेमतेम जातील एवढंच उघडलं. गालाच्या आत पांढरं. सुपारी-तंबाखूचा खर्रा सोडल्याची शपथ गेल्या वर्षीची. त्याची पन्नी शर्टाच्या खिशात निघाली. मी भांडणार होते, पण…

१० डिसें., चंद्रपूर
डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न, "तिखट कधीपासून लागतं?"
"दिवाळीच्या आंधीपासून. हिले सांगून राह्यलो होतो." आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं. गालातला तुकडा तपासायला पाठवला.

१३ डिसें.
रिपोर्ट सोमवारी. खर्रा तीन दिवस बंद, म्हणतात. खिसे तपासले नाहीत.
पातळ खिचडी गार करून दिली, समोर बसले.
"कशी लागते?"
"थोडी तिखट."
"कुठी?"
डाव्या गालावर बोट ठेवलं. इतक्या दिवसांत हे मी आज पहिल्यांदा विचारलं. तिखट कान म्हणे.