आटवलेलं पानी

४ जानेवारी १९९६
आज मळ्यात ऱ्हायला आलो. माझ्या नवऱ्याला, पुंजारामला, विहिरीच्या मोटरीवर काम लागलं, वर ऱ्हायला दोन खोल्या मिळाल्या. कोपरगाव लांब हाय, पन चारी बाजूनं हिरवागार ऊस. दारातच विहीर, पानी गोड. शेजारी मळ्याच्या मालकाची आई मुक्ताबाई एकटीच असती. आल्या आल्या भाकरी दिली, म्हनली, आता तू माझी लेकच.

ही वही नर्सबाईनं दिली. तापात माझं दूध गेलं, चेतनला डब्याची पावडर पान्यात कालवून पाजते. किती बाटल्या ते लिहीत जा म्हनली, अन पानी उकळल्याबिगर देऊ नको. मी चौथी शिकले. चेतन दोन म्हयन्याचा. सहा बाटल्या. लई हसला.

९ जानेवारी
उसाला युरिया टाकला, पोत्यांची चळत विहिरीपाशीच हाय. बाटल्या सहा.

मुक्ताबाई मला हसली. दोन बुडबुडे आले की पातेलं उतरवतीस, ही काय चहाची टपरी हाय व्हय? निम्मं हुस्तवर आटव, मग कसला रोग ऱ्हातोय. आता तसंच करते. बुडाला पांढरं साचतं. पुंजाराम म्हनला, सरपन काय तुझ्या बापानं धाडलंय?

१५ जानेवारी
चेतनचे ओठ निळे दिसतात. नखंबी. मुक्ताबाई म्हनली, थंडी बाधली, शेक दे. पानी अजून आटवलं, पाव ऱ्हायलं. खुळखुळा वाजवला तर बघत न्हाई. चार बाटल्या.

१८ जानेवारी
दवाखान्यात हाय. सुई टोचली तर रगत लाल न्हाई. काकवीवानी तपकिरी.

डॉक्टरनं समजावलं. वर्सानुवर्स टाकलेला युरिया विहिरीच्या पान्यात उतरलाय. पोटात त्याचं इख हुतं, रगत हवा धरत न्हाई. त्यातनंच एक वायू हुतो. तो मेंदूत सगळ्यांच्याच असतो, थोडा लागतोच, त्याच्यावरच मेंदूतल्या पेशी एकमेकीला निरोप देतात. लई झाला की निरोप तुटतात. साखर समोर असून पेशीला ती जाळता येत न्हाई, भरल्या ताटावर उपाशी मरतात. मेल्या की परत येत न्हाईत.

मी म्हनलं, डॉक्टरसाहेब, मी तर आटवून देत हुते. ते म्हनले, पानी उडतं बाई, इख खालीच ऱ्हातं. जेवढं आटवलं तेवढं घट्ट.

मीच पाजलं.

२० जानेवारी
निळं औषध शिरेत दिलं, चेतन गुलाबी झाला. माझ्याकडं बघितलं. घरी येताना दवाखान्यातनं नळाच्या पान्याचे दोन कॅन आनले. परत तसं झालं तर मेंदू वाचायचा न्हाई, असं डॉक्टरनं बजावलंय. पुंजाराम कारखान्याच्या गाडीवर गेला, पाच दिवसानं येनार.

२३ जानेवारी
पाटाला पानी सुटलं. वाट गेली, काळ्या मातीत मांडीपतोर पाय जातो. चेतनला घेऊन दोनदा निघाले, दोनदा पडले. ऊस डोक्याच्या वर. हाका कुनाला ऐकू जात न्हाईत. पाटाचं पानीबी युरियाच्या शेतातनंच येतंय. कॅनात तळाला ऱ्हायलंय. मुक्ताबाईला दूध मागितलं, तिची म्हैस आटलीय. बाटल्या तीन, अर्ध्या अर्ध्या.

२४ जानेवारी, सकाळ
कॅन रिकामा. चेतन रडतोय. रडू दे. रडतोय तवर —

मुक्ताबाई आली. डॉक्टरचं सगळं सांगितलं. म्हनली, माझी पाच लेकरं ह्याच पान्यावर वाढली. मी म्हनलं, ती तुमच्या अंगावर प्याली. म्हनली, दवाखान्यातनं आलीस तवापासनं डोकं फिरलंय तुझं, आईच पोराला तहानेनं मारती. माझ्या हातातनं चेतनला वढला. मला आत ठेवून भायेरनं कडी घातली.

दुपार
खिडकीला गज. दारावर लई धडका दिल्या. वही तेवढी हाताशी हाय.
तिच्या चुलीचा धूर येतोय. फुंकनी —
आटवतीय.
रडनं थांबलं. चोखतोय, ऐकू येतंय —
एक.

नंतर
दोन. पाया पडले खिडकीतनं. उगी, म्हनली, तुझ्यासाठीच करते —

दिवस मावळताना
तीन.
ती खिडकीशी आलीय, पदराखाली चेतन. हसतीय. बघ म्हनं, कसा शांत निजलाय, हलवला तरी —
पदर बाजूला कर म्हनलं. ओठ दाव म्हनलं —
दावले. ओठ त्याचे