पेरूच्या गाडीपाशी सोडलेला पाठलाग

डोणगाव, मंगळवार

प्रिय सिंधू (नात्याने नणंदबाई, पण शाळेच्या बाकावरून सिंधूच),

बोर्डिंगच्या हॉलमध्ये सिस्टरांनी एका रविवारी सिनेमा दाखवला होता, आठवतं? मुंबईच्या रस्त्यांवर गुंडांच्या मोटारीमागे हीरो मोटारसायकल पळवत होता. संत्र्यांची हातगाडी उलटली, सगळ्या मुलींनी टाळ्या पिटल्या आणि तू एकटी रडायला लागलीस, ‘त्या बाईची संत्री आता कोण वेचून देईल?’ तुला बाहेर उभं केलं. तुला सोबत म्हणून मीही खोटं खोटं रडले. (तुझ्यासाठी खोटं वागायची सवय तेव्हापासूनची.)

गुडघ्याला तेल लावतेस ना? तुझे बंधुराज ठीक आहेत. मी पुण्याहून आल्यापासून माझे हातपाय मोजतात.

तर तुझ्या बॅगेची हकिगत. जीवनने डिंपलशी परस्पर लग्न केलं म्हणून दोन वर्षं तू त्याच्याशी बोलली नाहीस, तरी कुरडयांखाली सुनेसाठी हिरवं पातळ लपवून ‘मी दिलं म्हणू नको’ असं मला बजावलंस, तीच बॅग. जीवनने फोनवर आधीच सांगितलं होतं, "मामी, तू ये. पण आईचं काई आणू नको."

पहाटे पुण्यात ट्रॅव्हल्समधून उतरले. जीवन स्कूटर घेऊन उभा होता. त्याच्या तोंडावरून हात फिरवेपर्यंत बस सुटली आणि मी ओरडले, "अरे, बॅग राहिली!"

"कोनाची?"

"तुझ्या आईची."

त्याने स्कूटरला किक मारली. मग म्हणाला, "बस मामी. घट्ट धर."

सिंधू, सिनेमात शहराचे रस्ते हीरोसाठी मोकळे असतात आणि सिग्नल कधीच लाल होत नाही. इथे पहिल्याच सिग्नलला बस आणि आम्ही शेजारी शेजारी उभे! मी जोरजोरात हात हलवला. ड्रायव्हर राजकुमारने (तुझ्या आळीतलाच) हसून नमस्कार केला आणि हिरवा दिवा लागताच निघून गेला. पुढच्या सिग्नलला पुन्हा नमस्कार. "आंधळा हाय का बे?" जीवन ओरडला. तेवढ्यात शाळेची एक रिक्षा आम्हाला मागे टाकून गेली, आतल्या मुलांनी टाटा केला. एवढ्या वेगाचा आमचा पाठलाग.

वळणावर माझी पिशवी एका हातगाडीला अडकली आणि पेरू रस्ताभर झाले. मी स्कूटर थांबवायला लावली.

"मामी, बस चालली ना!"

"तू जा. मी पेरू वेचते."

पेरूवाली कमरेवर हात ठेवून बघत होती. "आजी, शूटिंग चाललंय काय?" म्हणाली. (तुझ्या त्या बाईची संत्री इतक्या वर्षांनी वेचली गेली असं समज. चेपलेले पेरू मी विकत घेतले.)

अर्ध्या तासाने जीवन आला, बॅग दोन्ही पायांत धरून. डोळे लाल. (धूळ गेली म्हणाला.) बॅग उघडून बघितलेली होती. "हे पातळ कोनाचं?" मी तुझा शब्द पाळला, "मला काय माहीत?" घरी जाऊन त्याने ते डिंपलच्या हातात दिलं. ती तेच नेसून ऑफिसला गेली, आणि हा सकाळी आठ वाजता कुरडया तळून खात बसला.

तुझी,
सुचिता

ता. क. बॅग मी विसरले नव्हते. सिनेमात हातात दिलेल्या बॅगेकडे कोणी बघत नाही. ती कोणी घेऊन पळालं की सगळे मागे धावतात. राजकुमारला सांगून ठेवलं होतं, हळू चालव, पण शेवटच्या थांब्याशिवाय थांबू नको. पेरूंचं तेवढं ठरलेलं नव्हतं.

आणखी ता. क. हे जीवनला कधीच सांगू नकोस. शेगावचं दर्शन करून शनिवारी दोघं तुझ्या दारात येताहेत. ‘आईले सांगू नको’ म्हणाला, म्हणून कळवते. चकित झाल्याचा सराव कर, तुला ते जमत नाही.

सोबतच्या पिशवीतले पेरू शेजारच्या छकुलीला दे. तुझ्याकडे उरलेल्या कुरडया राजकुमारच्या आईला पोचव. सोबतचा डबा तुझाच, कुरडयांचा. मी तो रिकामाच आणत होते, जीवनने हातातून ओढून घेतला, "रिकामा काऊन नेतं मामी?" आणि साखर भरली. ती चहात टाकू नकोस. शनिवारी दारातच त्या दोघांच्या हातावर ठेव, आधी डिंपलच्या.