अभेद्य सायफर

३ जानेवारी
आजपासून रोजनिशी. पुढे इतिहासाला लागेल. लोक फोनवरून बिनधास्त पैसे पाठवतात, प्रेमपत्रं पाठवतात, आणि वाटेत ती कुणाला वाचता येत नाहीत. कारण त्यांना कुलूप घालणारा सायफर, म्हणजे गुप्त लिपी, तरुणपणी आम्ही केला. आम्ही म्हणजे पाच जण. डोकं माझं. आता तो सायफर निवृत्त होतोय. मी नाही.

१९ फेब्रुवारी
जुन्याच्या जागी नवा सायफर निवडायची जागतिक स्पर्धा आहे, तिथे माझा पाठवला. नियम साधा: जगातल्या कुणीही फोडून दाखवावा, टिकेल तो खरा. बायकोला म्हटलं, भलेभले रडकुंडीला येतील. तिने विचारलं, प्लंबरला फोन केलात का.

२ जून
अजून फुटलेला नाही! बाकीचे पटापट फुटतायत. एकाचा तर जेवणाच्या सुट्टीत. कॉफी मशीनपाशी मुद्दाम विषय काढला. माझ्या सायफरबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. धसकाच घेतलाय.
संकल्प: सत्काराचं भाषण पाठ करणे. आभारात बायको शेवटी.

११ ऑगस्ट
विभागप्रमुख बाईंनी विचारलं, तुमचा कुणी उघडून तरी पाहिलाय का? म्हटलं, उघडता येत नाही हाच तर मुद्दा.

२७ सप्टेंबर
माझी फाइल किती वेळा डाउनलोड झाली ते वेबसाइटवर दिसतं, हे आजच कळलं. तीनदा. एकदा मी. एकदा ऑफिसातून, तेही मीच. तिसऱ्यांदा बायकोने केली असणार. ती नाही म्हणाली.
जेवण गेलं नाही.

१५ ऑक्टोबर, सकाळी
फुटला. फोडणारा आमच्या पाचांतलाच. त्याला आम्ही घूस म्हणायचो, कुठल्याही भिंतीला भोक पाडतो म्हणून. श्रेयावरून वाजलं, तेव्हापासून बोलणं बंद. त्याचं टिपण दीड पानाचं. उभी हयात दीड पानात. बायकोने चहा आणून ठेवला.

संध्याकाळी
घुशीचा फोन. मी आवाज कोरडा ठेवला. म्हणाला, सतराव्या पानावरची युक्ती फार सुंदर आहे, ती मोडताना जिवावर आलं. सतरावं पान! म्हणजे याने सगळं वाचलं. डोळे भरून आले. त्याला सर्दी सांगितली. मग न राहवून विचारलं, इतक्यांत माझाच का निवडलास?
"पाय मोडलाय रे. प्लास्टर घालून पडलोय. बाकीचे सगळे लोकांनी आधीच फोडले होते."
प्लास्टर कधी काढणार ते विचारून घेतलं. डिसेंबरात. वेळ फार कमी आहे. उद्यापासून नवा सायफर.